कॅरिबियन क्रूझ कमी खर्चात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मायामीहून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझची जाहिरात '८०० डॉलरपासून' अशी असते आणि घरी परतेपर्यंत माणशी साडेबाराशे उडालेले असतात. यात कुणी फसवलेलं नसतं. भाड्यात काय येतं आणि काय येत नाही, हे आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं, एवढंच. राहणं, दिवसभराचं खाणं, नाटकं, तलाव, घसरगुंड्या आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणं हे सगळं भाड्यात येतं. कंपनीच्या कमाईचा मोठा भाग मात्र तुम्ही जहाजावर चढल्यानंतर जे विकत घेता त्यातून येतो. त्यामुळे स्वस्त क्रूझ शोधायला फार डोकं लागत नाही. ती शेवटपर्यंत स्वस्त ठेवायला लागतं.

पुढची माहिती मुख्यतः अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्यांसाठी आणि मुलांकडे आलेल्या आईवडिलांसाठी आहे. भारतातून थेट जाणाऱ्यांनाही तीच लागू पडते, फक्त त्यांचं विमानभाडं क्रूझपेक्षा जास्त होईल.

१. आधी कागदपत्रं, मग जहाज

सगळ्यात महागडी चूक इथे होते, म्हणून हे पहिल्यांदा. फ्लोरिडाहून निघून फ्लोरिडालाच परतणारं जहाज मध्ये बहामा, मेक्सिको किंवा जमैकाला थांबतं. म्हणजे कागदोपत्री तुम्ही अमेरिकेबाहेर जाता आणि पुन्हा प्रवेश मागता. 'आपण कुठे परदेशी चाललोय, चार दिवस बोटीवर तर आहोत' हा विचार इमिग्रेशनच्या खिडकीवर चालत नाही.

तुमची परिस्थिती यातली कोणती ते बघा:

- अमेरिकन नागरिक (इथे जन्मलेली मुलंही): निघालेल्याच बंदरावर परतणाऱ्या क्रूझसाठी जन्मदाखला चालतो, मोठ्यांना त्यासोबत सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. तरी पासपोर्टच न्या. मध्येच एखाद्या बेटावरून विमानाने परतायची वेळ आली तर जन्मदाखल्यावर विमानात बसता येत नाही.
- ग्रीन कार्डधारक: मूळ कार्ड आणि भारतीय पासपोर्ट, दोन्ही.
- बी-१/बी-२ व्हिसावर आलेले आईवडील: व्हिसा परतीच्या तारखेपर्यंत वैध आणि अनेक प्रवेशांचा हवा. आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) छापील प्रत सोबत ठेवा.
- एच-१बी, एच-४, एल: पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का परतीच्या दिवशी वैध हवा. शिवाय आय-७९७ ची (दर्जा मंजूर झाल्याचं पत्र) मूळ प्रत.
- एफ-१ विद्यार्थी: आय-२० वर प्रवासासाठीची सही एक वर्षाच्या आतली हवी.

शिक्का संपलेला असेल तर थांबा. संपलेल्या व्हिसावर तीस दिवसांच्या आत परत येण्याची एक सवलत आहे आणि तिच्या भरवशावर लोक बुकिंग करतात. पण एच-१बीवाल्यांना ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती मिळते. कॅरिबियन बेटांसाठी ती फक्त एफ आणि जे व्हिसाधारकांना आहे, त्यातही क्यूबा वगळून. म्हणजे शिक्का संपलेला एच-१बीधारक बहामाच्या नासाऊला उतरला तर परतीच्या प्रवेशाचा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न बंदरावर सोडवायचा नसतो; वकिलाला आधी विचारा.

ग्रीन कार्डाचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असेल तर आणखी जपून. वैध एच किंवा एल दर्जा नसताना 'ॲडव्हान्स पॅरोल' (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता बाहेर गेलात, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. क्रूझही त्यात आली.

भारतातून व्हिसा काढणाऱ्यांना कधीकधी सी-१/डी सुचवला जातो. तो जहाजावर काम करणाऱ्यांचा व्हिसा आहे. प्रवाशाला बी-१/बी-२ लागतो.

हे झालं अमेरिकेचं. प्रत्येक बेटाचे नियम वेगळे. वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही. पण मार्गात मार्टिनिक किंवा ग्वाडेलूप असेल तर सावध राहा: ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात येत नाहीत, त्यामुळे नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. बुकिंगपूर्वी कंपनीला ईमेल करा: 'भारतीय पासपोर्ट, अमेरिकेतला हा दर्जा, ही तारीख, ही बंदरं, काय लागेल?' उत्तर लेखी घ्या. एका जरी बंदराचा व्हिसा कमी पडला तर चढू दिलं जात नाही आणि पैसे परत मिळत नाहीत, कारण कागदपत्रांची जबाबदारी करारात प्रवाशावरच टाकलेली असते.

पासपोर्ट परतीनंतर निदान सहा महिने वैध असलेला बरा. बुकिंगमधलं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधल्या रकान्यात, कधी पहिल्या नावाला चिकटून असतं, तिथे घोळ होतो. नातवंडं आजी-आजोबांबरोबर किंवा एकाच पालकाबरोबर असतील तर नोटरी केलेलं संमतीपत्र न्या. गरोदरपणाचा चोविसावा आठवडा प्रवासात लागणार असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही मनाई असते आणि काही मार्गांवर ही मर्यादा बारा महिन्यांची आहे.

२. कुठून, कधी, कोणतं जहाज

मोठी जहाजं मुख्यतः फ्लोरिडाच्या तीन बंदरांतून निघतात: मायामी, फोर्ट लॉडरडेलचं पोर्ट एव्हरग्लेड्स आणि ऑर्लँडोजवळचं पोर्ट कॅनाव्हरल. विमानतळ बघून बंदर निवडा. फोर्ट लॉडरडेलचं बंदर विमानतळाला जवळजवळ लागून आहे. ऑर्लँडो विमानतळ ते कॅनाव्हरल मात्र सुमारे ७० किलोमीटर आहे, आणि चौघांच्या कुटुंबाला ही टॅक्सी चांगलीच बोचते. टँपाहूनही क्रूझ निघतात, पण तिथल्या सनशाईन स्कायवे पुलाखालून सगळ्यात उंच जहाजं जात नाहीत. तिथे मध्यम आकाराची, जुनी आणि बऱ्याचदा स्वस्त जहाजं मिळतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी विमानाचा विचार करण्याआधी बायोनचं केप लिबर्टी बंदर बघावं, ह्यूस्टन-डॅलसवाल्यांनी गॅल्व्हस्टन. गाडीने बंदर गाठता आलं की चौघांची विमानतिकिटं वाचतात, आणि तेवढ्यात दुसरी छोटी क्रूझ होते. तोटा असा की न्यू जर्सीहून हिवाळ्यात पहिला दीड दिवस थंडीतच जातो. तलाव असतो, पण त्यात उतरवत नाही.

तारखांचं गणित शाळांच्या सुट्ट्यांवर चालतं. नाताळ-नवं वर्ष, थँक्सगिव्हिंगचा आठवडा, मार्च-एप्रिलची स्प्रिंग ब्रेक आणि जून-जुलै महाग. नवं वर्ष सरल्यानंतरचा जानेवारी, डिसेंबरचा पहिला पंधरवडा, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ स्वस्त. यातला शेवटचा स्वस्त का, ते समजून घ्या: चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्याचा जोर नेमका याच महिन्यांत असतो. जहाज वादळात शिरत नाही, त्याला वळसा घालतं. पण मग मेक्सिकोतल्या कोझुमेलऐवजी नासाऊ किंवा थेट समुद्रावरचा एक दिवस पदरी पडतो. चुकलेल्या बंदराचा कर तेवढा खात्यात परत येतो, बाकी भरपाई मागता येत नाही. बंदरांपेक्षा जहाजाचीच हौस असेल तर सप्टेंबर बिनधास्त घ्या.

'सगळ्यात मोठं जहाज' हा शब्द मात्र खिशाला महाग पडतो. २०२४ मध्ये आलेलं रॉयल कॅरिबियनचं आयकॉन ऑफ द सीज वीस मजल्यांचं आहे आणि एका खोलीत दोन या हिशेबाने ५,६१० प्रवासी घेतं. नवेपणाचा भाव त्याच्या तिकिटात असतो. त्याच कंपनीची ओएसिस आणि अल्युअर ही जहाजं अनुक्रमे २००९ आणि २०१० ची. तीही अवाढव्य आहेत, मधोमध खऱ्या झाडांची बाग, कृत्रिम लाटांवर सर्फिंग, पाण्यातले खेळ असं सगळं त्यांच्यावर आहे, आणि त्याच आठवड्यात भाडं बरंच खाली असतं. पहिल्या क्रूझला ही पुरून उरतात. कार्निव्हल आणि एमएससी या दोन कंपन्यांची भाडी सहसा आणखी कमी. एमएससीवर युरोपीय वळण जास्त, कार्निव्हलवर अमेरिकन जत्रा. आईवडील सोबत असतील तर तीन-चार रात्रींच्या वीकेंड क्रूझ टाळा. त्यांवर पिऊन धिंगाणा घालणारी मंडळी अधिक असतात.

३. खोली

चार प्रकार: आतली, खिडकीची, बाल्कनीची, सुइट. कमी खर्चात जायचं तर आतली. खिडकी नाही, दिवा मालवला की दुपारी बारालाही मिट्ट काळोख. झोपायला उत्तम, पण अंधाराची धास्ती असेल तर एक छोटा रात्रदिवा न्या.

'गॅरंटी' नावाने मिळणारी खोली आणखी स्वस्त असते: प्रकार तुमचा, जागा कंपनी ठरवते. दोघांनाच जायचं असेल तर घ्या. दोन खोल्या शेजारी हव्या असतील, गुडघे दुखत असतील किंवा बोट लागत असेल, तर थोडे पैसे टाकून जागा निवडा: जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर, वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असलेली. नाइटक्लबखालची किंवा तलावाखालची खोली नकाशात सहज ओळखता येते. पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो तो तिथलाच.

एकट्याने जाणाऱ्याला बहुधा दोघांचं भाडं भरावं लागतं. एकाच खोलीत तिसरा-चौथा माणूस घेतला तर त्याचं भाडं कमी असतं, पण कर आणि टिप पूर्ण लागतात.

४. खरा हिशेब

अमेरिकेतल्या संकेतस्थळांवर आता बहुतेक ठिकाणी कर आणि बंदरशुल्क धरूनच भाडं दाखवतात. टिप धरलेली नसते. ती ऐच्छिक वाटली तरी रोज माणशी १६ ते २० डॉलरच्या आसपास खात्यावर आपोआप चढते, आणि काही कंपन्यांत पाळण्यातल्या बाळालाही सुटका नाही.

दोघांचा, सात रात्रींचा, आतल्या खोलीचा ढोबळ हिशेब असा मांडा (आकडे तुमच्या तारखेप्रमाणे बदला):

- भाडं, करांसह: ८०० × २ = १,६०० डॉलर
- टिप: १८ × ७ × २ = २५२
- आदल्या रात्रीचं हॉटेल: १६०
- विमानतळ-बंदर-विमानतळ टॅक्सी: ६०
- एका फोनचं वायफाय: १५०
- तीन बंदरांवरचा फिरण्याचा खर्च: २००
- विमा: १००

बेरीज २,५२२ डॉलर. यात विमान किंवा पार्किंग नाही. बंदरावरचं पार्किंग दिवसाच्या हिशेबाने लागतं आणि सात दिवसांचं मिळून टॅक्सीपेक्षा सहज महाग पडतं, तेव्हा दोन्हीची तुलना करा.

या यादीत दारूचं पॅकेज घातलेलं नाही, ते मुद्दाम. दिवसाला ८० डॉलर धरले तर दोघांचे सात दिवसांचे १,१२०, वर १८ टक्के सेवाशुल्क. १,३२० च्या पुढे गेलं. जवळजवळ दुसरी क्रूझ झाली. शिवाय बहुतेक कंपन्यांत एकाने घेतलं की खोलीतल्या प्रत्येक प्रौढाला घ्यावंच लागतं. रोज सहा-सात पेगांच्या वर मजल जात असेल तरच ते वसूल होतं. अधूनमधून एखादा ग्लास घेणाऱ्याने सुटाच घ्यावा. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर दारूसाठी वय २१ पूर्ण हवं.

५. बुकिंग आणि शेवटचा हप्ता

जानेवारी ते मार्च हा क्रूझ कंपन्यांचा सेलचा हंगाम. सवलतींच्या नावांकडे दुर्लक्ष करा. 'दुसऱ्या प्रवाशाला ६० टक्के सूट' वगैरे वर्षभर चालू असतं. बुक करण्याच्या शेवटच्या पानावरची बेरीज तेवढी लिहून ठेवा आणि तीच इतरांशी ताडून बघा.

आधी अनामत भरायची, उरलेली रक्कम प्रस्थानापूर्वी साधारण ७५ ते १२० दिवस. या अंतिम तारखेपर्यंत दर आठवड्याला भाव बघत राहा. उतरला तर फोन करून नव्या भावाने करून मागा; अनामत परत मिळणारी असेल तर हे सहज होतं, परत न मिळणारी असेल तर बदलाचं शुल्क विचारून घ्या. अंतिम तारखेनंतर मात्र रद्द केल्यास टप्प्याटप्प्याने पैसे कापले जातात, आणि शेवटच्या दोनेक आठवड्यांत बहुधा काहीच हाती येत नाही.

एजंटकडून घेतलं तरी भाडं सहसा तेवढंच, वर तो जहाजावर वापरायला पन्नास-शंभर डॉलरचं क्रेडिट देऊ शकतो. ते मागायला संकोच करू नका. मागितल्याशिवाय बरेचजण देत नाहीत. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेणाऱ्यांनी टीसीएस (पॅकेजवर एजंट आधीच वसूल करतो तो कर) वेगळा विचारावा. तो विवरणपत्रात वळता होतो, पण आत्ता खिशातून जातोच.

६. विमा

जहाजावरचा दवाखाना खासगी असतो, बिल तिथल्या तिथे खात्यावर चढतं. अमेरिकेतल्या बऱ्याच आरोग्यविम्यांचं छत्र समुद्रावर चालत नाही, आणि आईवडिलांसाठी घेतलेल्या व्हिजिटर विम्याचंही बरेचदा तेच. वैद्यकीय उपचार आणि हेलिकॉप्टर किंवा विमानाने हलवण्याचा खर्च, या दोन गोष्टी पॉलिसीत स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. बाहेरून घेतलेला विमा कंपनीच्या विम्यापेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता जास्त.

७. सामान: काय न्यायचं, काय जप्त होतं

जप्तीच्या यादीत आपल्या माणसांच्या बॅगा वरच्या नंबरला असतात. कारण ठरलेलं: इलेक्ट्रिक केटल, छोटा राइस कुकर, पाणी तापवायची कॉइल, इस्त्री. पाणी तापवणारी, अन्न शिजवणारी किंवा इस्त्रीसारखी विजेची वस्तू जहाजावर चालत नाही. आगीची भीती समुद्रावर सगळ्यात मोठी असते. एक्स्टेन्शन बोर्डही नकोत, विशेषतः सर्ज प्रोटेक्टर असलेले. अनेक यूएसबी तोंडं असलेला चार्जर चालतो. खोलीत अमेरिकन ११० व्होल्टचे सॉकेट असतात.

केटलची गरजही नसते. बुफेवर गरम पाणी जवळजवळ चोवीस तास फुकट मिळतं. सीलबंद पाकिटातला चहा-प्रीमिक्स, मसाला, कप-नूडल्स, चिवडा, खाकरे बहुतेक ठिकाणी चालतात. घरचे डबे, लाडू, लोणच्याची बरणी नाही. आणि यातलं काहीही बंदरावर उतरवू नका. सफरचंद पिशवीत राहिलं म्हणून दंड भरायची वेळ येऊ शकते.

न्यावंच असं:

- हातातल्या पिशवीत पासपोर्ट, बोर्डिंग पास, औषधं (मूळ वेष्टनात), पोहण्याचे कपडे. मोठ्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते.
- एक प्लास्टिकचा मग. न्हाणीघर कपाटाएवढं असतं, जेट नसतो आणि बादलीचा प्रश्नच नाही.
- लोहचुंबकाचे हुक. खोलीच्या भिंती पोलादी असतात. ओले कपडे, टोप्या, पिशव्या टांगता येतात.
- नायलॉन-लायक्राचे पोहण्याचे कपडे. सुती कपड्यांत घसरगुंडीवर घेत नाहीत.
- ॲव्होमिन किंवा डॉक्टर सांगतील ते औषध, आणि आलेपाक. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर तिचा फारसा उपयोग नाही.
- साबण. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही. जेवणाआधी हात धुवायलाच हवेत.
- ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन नसलेलं सनस्क्रीन. सेंट थॉमससह अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समध्ये या तीन रसायनांवर बंदी आहे.

लष्करी छापाचे कपडे घरीच ठेवा. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसियासारख्या देशांत सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा. औपचारिक रात्रीसाठी साडी किंवा कुर्ता-पायजमा झकास चालतो. सूट शिवायची गरज नाही.

८. चढण्याचा दिवस

विमानाने येत असाल तर आदल्या दिवशीच पोचा, यात कंजुषी नको. जहाज थांबत नाही. 'पुढच्या बंदरावर गाठू' असंही प्रत्येक वेळी करता येत नाही: परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेण्यावर १८८६ च्या कायद्याची बंधनं आहेत, आणि पुढचं बंदर परदेशी असेल तर व्हिसा आणि ऐन वेळच्या विमानतिकिटाचा प्रश्न येतोच.

ऑनलाइन चेक-इन कंपनीप्रमाणे १४ ते ४५ दिवस आधी उघडतं. उघडल्या दिवशीच करा आणि लवकरची वेळ घ्या. साडेअकरा-बाराला चढलात तर दुपारचं जेवणही जहाजावर, भाड्यातच. मोठ्या जहाजावर गाजलेल्या कार्यक्रमांची जागा अॅपवर आधी राखावी लागते, तीही फुकट. हे न कळल्यामुळे लोक शेवटच्या रात्री दाराबाहेर रांगेत दिसतात.

चढल्यावर पहिलं काम सुरक्षा कवायतीचं: अॅपवर किंवा टीव्हीवर व्हिडिओ बघायचा, आपल्या नेमलेल्या ठिकाणी जाऊन कार्ड दाखवायचं. पाच मिनिटं लागतात. टाळलंत तर स्पीकरवरून नाव पुकारतात.

फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन ते आपसूक पकडतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. कंपनीचं अॅप वायफाय विकत न घेताही चालतं.

जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्डच पैशाचं काम करतं. त्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडलं तर रोज ठरावीक रक्कम अडकवून ठेवली जाते आणि सुटायला परतल्यानंतरही काही दिवस जातात. बंदरावर कार्ड चालेनासं होतं ते यामुळे.

९. शाकाहारी, जैन आणि बाकीच्यांचं जेवण

उपासमार होत नाही, पण नियोजन लागतं. बुकिंगनंतर कंपनीच्या विशेष आहार फॉर्मवर 'भारतीय शाकाहारी' किंवा 'जैन' लिहून पाठवा. मग पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहात प्रमुख वेटरला गाठून पुन्हा सांगा. तो दुसऱ्या दिवसापासून डाळ, भाजी, भात, कधी पोळीवजा काहीतरी वेगळं करून आणतो. हे पदार्थ मेनूवर छापलेले नसतात, म्हणून न विचारणाऱ्याला ते असतात हेच कळत नाही.

स्वयंपाकघरात आणि भोजनगृहात गोव्याची, मुंबईची माणसं हमखास भेटतात. गोव्यात घरटी एखादा तारवटी (जहाजावर काम करणारा) असायचा, ती परंपरा अजून चालू आहे. छातीवरच्या पट्टीवर नाव आणि देश लिहिलेला असतो. कोकणी-मराठीत दोन शब्द बोललात तर तिखटाची वाटी न मागता येते. त्यांची पाळी मात्र दहा-बारा तासांची असते, तेव्हा गप्पा आवरत्या घ्या.

अंडं न खाणाऱ्यांनी केक-पुडिंगबद्दल, आणि मेक्सिकोत उतरल्यावर वाटलेल्या राजम्याबद्दल विचारावं. त्यात डुकराची चरबी घालण्याची पद्धत आहे. बुफेवरचं पाणी, लिंबू सरबत, आइस्ड टी, साधा चहा-कॉफी फुकट असतं. पैसे देऊन खाण्याची खास हॉटेलं सात दिवसांत एकदाही पाहिली नाहीत तरी काही बिघडत नाही.

१०. बंदरांवर

कंपनीची सहल घ्यायची की स्वतः फिरायचं, हे बंदरागणिक ठरवा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः गेलात तर नाही. म्हणून लांब जायचं असेल, उदाहरणार्थ कोझुमेलहून फेरीने मुख्य भूमीवरचे माया अवशेष बघायचे असतील, तर कंपनीची घ्या. समुद्रकिनारा एवढाच बेत असेल तर स्वतःच जा.

नासाऊला धक्क्यावरून जंकानू बीच चालत गाठता येतो. क्वीन्स स्टेअरकेसही पायीच होतो. तिथे किनाऱ्यावर जेट-स्कीवाले गळ घालतात, त्यांना ठाम नकार द्या. त्यांच्याबद्दल अमेरिकेचं परराष्ट्र खातंही सावध करतं. सेंट मार्टेनला फिलिप्सबर्गचा किनारा गावालाच लागून आहे. सेंट थॉमसला टॅक्सीचं भाडं गाडीमागे नसून माणशी असतं, चौघांनी बसण्याआधी विचारा. ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटींनी नेतात, रांगेत तास जातो. गुडघेदुखी असलेल्यांनी बुकिंग करतानाच मार्गात अशी किती बंदरं आहेत ते मोजावं.

कंपन्यांच्या खासगी बेटांवर, जसं रॉयल कॅरिबियनचं कोकोके, किनारा, खुर्च्या आणि दुपारचं जेवण भाड्यातच असतं. तिथलं वॉटर पार्क मात्र वेगळ्या, बऱ्यापैकी चढ्या तिकिटाचं. जहाजावर घसरगुंड्या असताना ते टाळलं तर चौघांचे काहीशे डॉलर वाचतात.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. कोझुमेलची वेळ वर्षभर एकच असते, फ्लोरिडाची उन्हाळ्यात एक तास पुढे जाते. जहाजाने वेळ बदलली नाही आणि फोनने आपोआप बदलली, तर तुमच्या फोनवर साडेतीन वाजलेले असताना जहाजावर साडेचार झालेले असतात. परतायची शेवटची वेळ सुटण्याआधी अर्धा ते एक तास असते. उतरताना दारातल्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

११. पैसे गळतात ती ठिकाणं

फोटोग्राफर तुमचे फोटो काढतो तेव्हा पैसे मागत नाही. फोटो हवा असेल तेव्हा एकेकाचे वीस-पंचवीस डॉलर मागतो. पोझ द्या आणि विकत घेऊ नका, कुणाला राग येत नाही. स्पामधली 'मोफत तपासणी' महागड्या क्रीमवर संपते. बंदरांवर जहाजाने 'शिफारस केलेली' दागिन्यांची दुकानं जाहिरातीचे पैसे भरून त्या यादीत आलेली असतात. मुलांच्या कार्डावर आर्केडच्या खेळांसाठी खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी पाहुणे-सेवा कक्षातून घालून घ्या, नाहीतर दोन दुपारींत शंभर डॉलर जातात.

१२. उतरताना

शेवटच्या दुपारी अॅपवर खात्याचं पूर्ण विवरण वाचा. चुकीची नोंद त्या संध्याकाळी दहा मिनिटांत निघते. सकाळी सेवा कक्षापुढे रांग लागलेली असते आणि घरी गेल्यावर ईमेलांचा खेळ सुरू होतो.

बॅगा रात्री टॅग लावून दाराबाहेर ठेवल्या की त्या थेट बंदरावर मिळतात. पासपोर्ट, औषधं आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपलांसकट, त्यात जाऊ देऊ नका. सामान स्वतः ओढत नेणार असाल तर सगळ्यात आधी, साधारण सात-साडेसातला उतरता येतं. इमिग्रेशनला अमेरिकन नागरिक कॅमेऱ्यासमोरून पटकन पुढे जातात, व्हिसाधारकांना अधिकाऱ्यापुढे थांबावं लागतं. कुटुंबात दोन्ही प्रकारचे पासपोर्ट असतील तर हा वेळ धरा. मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून दुपारी बारानंतरचं विमान घ्या, ऑर्लँडोहून एकनंतरचं.